झाकण उलटं करून बघणारा माणूस

सात जून. आज माळा रिकामा करायला काढलाय. वरचे पत्रे बदलायचे आहेत आणि पत्रेवाला म्हणाला, "बाई, आधी तुमचे डबे हलवा, मग मी शिडी लावतो." डबे माझे नाहीत. आमच्या वरच्या खोलीत बरीच वर्षं राहिलेल्या भाडेकरूचे आहेत. गुडघे गेले तेव्हा ते लातूरला बहिणीकडं गेले आणि तिकडंच वारले. बहिणीला फोन केला, "डब्यांचं काय करू?" ती म्हणाली, "त्याचे डबे? फेकून द्या. आत काय हाय ते मात्र आधी बघा." सख्ख्या बहिणीलाही खात्री नव्हती.

म्हणून एकेक डबा उघडून बघत बसले आहे. सगळे रिकामे आहेत. तसे असणार हे मला माहीत होतं, तरी बघते आहे. त्या माणसाच्या शेजारात राहून ही सवय लागली.

ते नांदेडला खोली बघायला आले तो दिवस आठवतो. भाडेकरूची चौकशी मी करायची असते. त्यांनीच माझी केली. नळ सोडून बघितला, मीटर किती वेगानं फिरतं ते बघितलं, मग न विचारता गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीचं झाकण उचललं आणि उलटं करून त्याची खालची बाजू बघितली.

"काय बघताय?" मी विचारलं.

"झाकण वरून सगळ्यांचं चांगलंच असतं, ताई. खालून बघावं. मानूस बी."

मला तो माणूस आवडला नाही. पण भाडं वेळेवर देईल असं वाटलं, म्हणून खोली दिली.

उभं आयुष्य त्यांनी विमा कंपनीत काढलं होतं. काम एकच, लोकांनी केलेला दावा खरा की खोटा ते तपासायचं. जळालेलं दुकान खरंच आपोआप जळालं का, बुडालेली पाण्याची मोटार खरंच विहिरीत होती का. "एक मेलेला मानूस मला नायगावच्या बाजारात वांगी घेताना सापडला," असं ते सांगायचे. "वांगी पन निवडून घेत होता. मेल्यावर बी चोखंदळ." हे सांगताना हसायचे नाहीत. पेपर आला की आधी निधनवार्ता वाचायचे आणि एखाद्या नावावर बोट ठेवून म्हणायचे, "बघू."

लग्न केलं नव्हतं. गॅसचं सिलिंडर आलं की तराजूच्या आकड्याला टांगून वजन करायचे. बाहेर जाताना दाराच्या फटीत काळा दोरा अडकवून जायचे, म्हणजे कोणी उघडलं तर कळावं. दोरा मी एकदा झाडताना काढला. संध्याकाळी खाली येऊन म्हणाले, "ताई, आज माझ्या दाराशी कोण आलं होतं?" मी म्हटलं, "केरसुणी." त्यानंतर बरेच दिवस मी झाडायला गेले की ते दारात उभे राहून बघायचे.

अशा माणसाकडं दर आठवड्याला नवे डबे यायला लागले तेव्हा आम्हालाही संशय आला. रविवारी पहाटे पिशवी आणि खुरपं घेऊन बाहेर पडायचे, दुपारी परत यायचे ते गुडघ्यांना माती लागलेली. शेजारणीनं तर ठरवूनच टाकलं होतं, हा माणूस गुप्तधन शोधतो. कंधारचा किल्ला जवळ, निजामाच्या काळातल्या हंड्यांच्या गोष्टी प्रत्येकाच्या घरात. आमचे हे म्हणाले, "उगं पोलीस दारात नकोत. विचार एकदा."

मी सरळ विचारलं. "काका, तुम्ही गुप्तधन शोधता का?"

"शोधत न्हाई. ठेवतो."

मग त्यांनी मोबाइल काढून समजावलं. जगभर लोक हा खेळ खेळतात म्हणे, जिओकॅशिंग. एक डबा कुठंतरी लपवायचा. तो कुठं आहे ती जागा मोबाइलवर नोंदवायची. अनोळखी माणूस ती जागा बघून येतो, डबा शोधतो, आतल्या कागदावर आपलं नाव लिहितो आणि डबा होता तसा ठेवून जातो. पुण्याच्या भाच्यानं त्यांना हे शिकवलं होतं.

"ह्यात मिळतं काय?" मी विचारलं.

"काही न्हाई."

"मग लोक कशाला येतात?"

"त्येच तपासून राहिलोय," ते म्हणाले.

आमच्याकडं त्यांचे डबे शोधायला फारसं कोणी यायचं नाही. गुरुद्वाऱ्याला आलेला एखादा परदेशातला शीख पोरगा यायचा, किंवा पुण्या-हैदराबादचं कोणी. पण काकांना त्याचं काही नव्हतं. आयुष्यभर लोकांनी लपवलेलं त्यांनी शोधलं होतं. आता ते लपवत होते. त्यात त्यांचा सगळा जीव एकाच प्रश्नात अडकलेला असायचा: डबा गळतो का?

कारण पैसा घालायचा नव्हता. पेन्शनवरचा माणूस, आणि डबा उघड्या रानात ठेवायचा. कोणी नेला तर गेला. म्हणून स्वस्त हवा, आणि पावसाळाभर आत थेंब जाता कामा नये. ह्या दोन गोष्टी एका डब्यात मिळत नाहीत हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. काकांना ते मान्य नव्हतं.

जुन्या मोंढ्याच्या बाजारात प्लास्टिकच्या सामानाचं एक दुकान आहे. दुकानदार चाचा पिढीजात तिथले. एकदा मी बादली घ्यायला गेले तर काका तिथं खाली बसलेले, समोर डब्यांचा ढीग. प्रत्येक डब्याचं झाकण लावायचं, कानाशी धरून दाबायचं, आतली हवा कुठून सुटते ते ऐकायचं, झाकण उलटं करून त्याच्या कडेवरून नख फिरवायचं. चाचा हैराण झाले होते.

"साब, डब्बा ले रै या बेटे के लिए लड़की देख रै?"

"लडकी बोलती है, चाचा. डब्बा बोलता नहीं. इसलिए ज्यादा देखना पडता."

"मैं बोल रहा ना, पानी नहीं जाता इसमें!"

"तुम बोल रहे," काका म्हणाले, "वो नहीं बोल रहा." चाचांनी माझ्याकडं बघून कपाळावर हात मारला.

डबा बोलावा म्हणून काकांनी पापड शोधून काढला होता. ही युक्ती त्यांची स्वतःची. कच्चा, उन्हात कडक झालेला पापडाचा तुकडा डब्यात टाकायचा, झाकण लावायचं, डबा पाण्याच्या बादलीत बुडवून वर दगड ठेवायचा. दुसऱ्या दिवशी डबा पुसून उघडायचा आणि पापड मोडायचा. कट् आवाज आला तर डबा पास. पापड वाकला तर डबा नापास. "पापड खोटं बोलत न्हाई," असं ते म्हणायचे. हा पापड माझा असायचा. उन्हाळ्यात मी पापड लाटून गच्चीवर घातले की ते खुर्ची टाकून राखणीला बसायचे, त्यामागचा स्वार्थ मला पुढं कळला.

बादलीतलं पाणी मात्र कधी मोरीत गेलं नाही. आधी डबे, मग त्याच पाण्यात पायपुसणी, मग ते पाणी कढीपत्त्याला. लातूरचा माणूस. "तुमच्या नांदेडला गोदावरी हाय म्हणून तुमचा हात सैल हाय," असं मला ऐकवायचे. मी म्हणायचे, "गोदावरी हाय म्हणूनच तुम्हाला बादली भरून मिळते. गप्प भिजवा."

आज माळ्यावरून निघालेले डबे म्हणजे त्यांच्या नापासांची यादीच आहे. आइस्क्रीमचा गोल डबा: पावसात टिकला, मे महिन्यात झाकण वाकडं झालं. हिंगाची डबी: झाकण घट्ट, आकार लपवायला फार सोयीचा, पण तिला लाख धुतलं, उन्हात ठेवलं, बेसन लावून घासलं तरी वास जात नाही. नायगावच्या वडाखालची डबी कुत्र्यानं उकरून काढली. काचेची बरणी माकडांनी फोडली. स्टीलचा डबा सगळ्यात चांगला, पण तो कोणी जागेवर ठेवतच नाही. धरणाजवळ ठेवलेला त्यांचा स्टीलचा डबा पुढच्या रविवारी तिथल्याच एका टपरीवर साखरेनं भरलेला दिसला. काकांनी त्यातल्या साखरेचा चहा घेतला, पैसे दिले आणि परत आले. "सांगायचं होतं ना, माझा डबा म्हणून," मी म्हटलं. म्हणाले, "काय म्हणून सांगू? दगडाखाली मीच ठेवला होता म्हणून?"

चार बाजूंना क्लिपा असलेला डबा त्यांना पसंत होता. झाकणात रबराचं कडं असतं तसला. पण चांगला घ्यावा तर महाग, आणि स्वस्तातल्याचं कडं दोन उन्हाळ्यांत सैल होतं. मग शेतातल्या पाइपचा तुकडा आणला, दोन्ही टोकांना बुचं लावली, एक कायमचं चिकटवलं, एक फिरकीचं. पाणी जायची बिशाद नव्हती. मी तो हातात घेतला आणि म्हटलं, "हा माझ्या घरातून बाहेर जाणार नाही. रस्त्याच्या पुलाखाली हा कोणाला सापडला तर पोलीस आधी पळतील, मग परत येतील, ते माझ्या दारात." तो पाइप आजही माळ्यावर आहे.

शेवटी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या पास झाल्या. रुंद तोंडाच्या, फिरकीच्या झाकणाच्या, आत आणखी एक पातळ झाकण. फुकट मिळायच्या, कारण लोणचं आमचंच संपायचं. प्रत्येक पास झालेल्या बरणीच्या झाकणाच्या खालच्या बाजूला ते सुईनं आपली खूण कोरायचे, उलटा त्रिकोण. बदली करून कोणी दुसरीच बरणी ठेवली तर ओळखता यावी म्हणून. एवढ्या बरण्यांमध्ये कोण कशाला बदलेल, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

पण बरण्यांनी नवीन भानगड केली. पाणी आत जात नव्हतं, तरी आतला कागद ओला व्हायचा. दिवसा तापायची, रात्री गार व्हायची, आतल्या हवेतलाच दमटपणा थेंब होऊन आतून जमायचा. बरणीला घाम यायला लागला. काका आठवडाभर बरण्या उघडून-मिटून बघत होते. मग एके दिवशी माझ्या शिवणयंत्राशी येऊन उभे राहिले. मी घरी ब्लाउज शिवते. यंत्राखाली चिंध्यांची टोपली असते.

"ताई, एखादं फडकं घेऊ का?"

"घ्या. कशाला?"

"असंच. पुसायला."

लाल खणाच्या कातरणी घेऊन गेले. पुसायला एवढी चांगली कातरण कशाला, हे माझ्या मनात आलं. विचारलं नाही, हातात काम होतं.

मग पावसाळा सुरू झाला. पोरगी बाळंतपणाला घरी आली होती, सातवा लागला होता. एका रविवारी दुपारी काका परत आले ते वर न जाता ओट्यावरच बसले. चहा दिला तर कप तसाच ठेवला.

"ताई, माझ्या डब्यानं एका बाईचं दूध बंद केलंय."

मला काही कळेना. त्यांनी सांगितलं. कंधारच्या रस्त्याला आत एक गाव आहे. तिथं एका बांधावरच्या दगडांच्या ढिगात त्यांनी बरणी ठेवली होती. आज पाऊस उघडल्यावर ती तपासायला गेले, तर बरणी नाही. गावातल्या टपरीवर चहा घेत बसले आणि कानावर आलं ते असं: गुरं चारणाऱ्याला बांधावर करणीचा डबा सापडला. बांध एका एकट्या म्हातारीचा. नवरा नाही, पोरगा हैदराबादला मजुरीला, घरात एक म्हैस. नेमक्या त्याच महिन्यात गावात कोणाचा बैल मेला होता आणि एका सुनेचा गर्भ पडला होता. गावानं दोन्ही गोष्टी त्या डब्याला जोडल्या. म्हातारी सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायची. डेअरीत सगळ्यांचं दूध एकाच मोठ्या कॅनमध्ये मिसळतं. लोक म्हणाले, तिचं घेणार असशील तर आमचं घेऊ नको. डेअरीवाल्यानं म्हातारीचं बंद केलं.

"पण साधी बरणी सापडली तर करणी कशी होते?" मी म्हटलं. "आत काय होतं?"

काका उठले. वर गेले आणि तशीच दुसरी बरणी घेऊन आले. मी उघडली. लाल खणाच्या तुकड्यात बांधलेली पुरचुंडी. सोडली. भाजलेले तांदूळ, खडे मीठ, कोळशाचा तुकडा.

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. "काका, तुम्ही लातूरचे ना? मराठवाड्यातच जन्मलात ना? लाल फडक्यात भाजके तांदूळ, मीठ आणि कोळसा?"

"दमटपणा ओढून घेतात. औषधाच्या बाटलीत असते ती पुडी महाग पडते. अन् ती खरंच ओढते का, खात्री न्हाई."

"आणि कागदावर नावं!"

"ती खेळातली. शोधणाऱ्याची."

"गावाला काय माहीत शोधणाऱ्याची का मारणाऱ्याची?"

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "डबा कोणाचा हे कोणालाच माहीत न्हाई. मी गप्प बसलो तर मला कोणी विचारणार न्हाई."

हे ते मला सांगत होते की स्वतःला, ते समजेना. मी विचारलं, "मग गप्प बसणार?"

"मी जाऊन सांगितलं तर मारतील, ताई. जमाव काय असतो मी बघितलंय."

"आणि नाही सांगितलं तर?"

"म्हातारीला रोज थोडं थोडं मारतील."

आम्ही त्याच संध्याकाळच्या दूधवेळेला पोचायचं ठरवलं. पोरगी म्हणाली, "आई, तू कशाला? अशा दिवसांत असल्या भानगडीत जातात का?" मी म्हटलं, ते एकटे गेले तर आधी मार खातील, मग बोलतील. बाईमाणूस बरोबर असलं तर उलटं होईल. बसमध्ये काकांना खिडकीकडं बसवलं आणि मी बाहेरच्या बाजूला बसले. मधल्या एखाद्या फाट्यावर हा माणूस उतरून जाईल असं मला वाटत होतं. त्यांनी ते ओळखलं. म्हणाले, "बराबर केलं तुम्ही."

डेअरी म्हणजे एक पत्र्याची खोली, समोर ओटा, ओट्यावर वजनकाटा आणि मोठा कॅन. बाया-माणसं किटल्या घेऊन उभी. बाजूला कडुलिंबाखाली एक म्हातारी चरवी घेऊन बसलेली. तिचं घेत नव्हते, तरी ती रोज येऊन बसत होती. लिंबाच्या फांदीला आमची लोणच्याची बरणी दोरीनं टांगलेली होती. घरात न्यायला कोणी तयार नव्हतं.

काका ओट्यापाशी गेले आणि म्हणाले, "त्यो डबा माझा हाय."

रांगेतल्या सगळ्यांनी वळून बघितलं. मग डेअरीवाला काट्यावरून मान वर न करता म्हणाला, "म्हातारीनं काय देऊ केलंय तुमाला?"

"काही न्हाई."

"कोनी शहाना मानूस आपन होऊन असं सांगतो का? डबा माझा, मला मारा?"

मला वाटलं आता काका चिडतील. उलट त्यांची मान पसंतीनं हलली. "बराबर विचारलं," ते म्हणाले. "मी बी असंच विचारलं असतं. आता पुरावा मागा."

"द्या पुरावा."

"डबा मी अजून हातात घेतलेला न्हाई. झाकणाच्या खालच्या अंगाला, आतून, सुईनं कोरलेला उलटा त्रिकोण असंल. तुम्ही उघडून बघा."

उघडायला कोणी पुढं होईना. शेवटी मीच फांदीवरून बरणी सोडली, झाकण काढलं आणि उलटं करून डेअरीवाल्याच्या डोळ्यांपुढं धरलं. त्यानं बघितलं. त्याच्या मागच्यांनी बघितलं.

"हाय तिरकोन," कोणीतरी म्हणालं.

"म्हंजी करनी ह्यानंच केली!" दुसरं कोणीतरी म्हणालं, आणि माणसं एकदम जवळ आली.

काका समजावायला लागले. खेळ, मोबाइल, कागदावरची नावं, तांदूळ दमटपणा कसे ओढतात. त्यातला एक शब्द कोणाच्या डोक्यात शिरत नव्हता, आणि शिरला तो उलटाच शिरला. "म्हंजी भाईरची मान्सं आमच्या बांधावर येनार?" एकानं विचारलं. मी काकांचा शर्ट ओढला. "खेळ नका सांगू."

पदर डोक्यावरून घेतलेली एक बाई पुढं आली. गर्भ पडलेल्या सुनेची ती सासू होती. ओरडली नाही. म्हणाली, "करनी न्हाई ना? मग खाऊन दावा त्यातलं."

काकांनी लगेच हात पुढं केला. बाई म्हणाली, "तुमी नगं. तुमच्या मागं-पुढं कोन हाय?" काकांनी कोणी नाही अशी मान हलवली, तशी ती माझ्याकडं वळली. "बाई, तुमी ह्यांच्या कोन?"

"माझ्या घरात भाड्यानं राहतात."

"घरी कोन कोन हाय तुमच्या?"

खोटं सांगता आलं असतं. "नवरा आहे. पोरगी बाळंतपणाला आलीय."

"कितवा?"

"सातवा."

तिनं बरणीकडं बोट केलं. "मग तुमी खा."

माझा करणीवर विश्वास नाही. तरी पुरचुंडीची गाठ सोडताना पोरगी डोळ्यांपुढं आली. तेवढ्यात काका म्हणाले, "ताई, थांबा. एवढ्या पावसात डबा बाहेर होता. आत पाणी गेलं असंल तर बुरशी..."

मी त्यांच्याकडं वळले. "काका, तुमचा डबा गळतो का?"

त्यांनी बरणीकडं बघितलं. झाकणाकडं बघितलं. एवढ्या वर्षांत त्या माणसानं पापड मोडून बघितल्याशिवाय एका डब्याबद्दलही शब्द दिला नव्हता. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडं बघत होतं.

"न्हाई," ते म्हणाले.

"मग गप बसा."

मी चिमूटभर तांदूळ तोंडात टाकले आणि चावले. कुडुम् असा आवाज आला, पुढं उभ्या असलेल्यांनी तो ऐकला. खारट होते, थोडे धुरकट. काका डोळे मिटून ऐकत होते, हे मी चावता चावता बघितलं. आणखी एक चिमूट खाल्ली, मग मिठाचा खडा. कोळसा खाल्ला नाही. तेवढा चावटपणा करायचा नसतो.

ती सासू बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग वळून आपली किटली घेऊन रांगेत उभी राहिली. बाकीची माणसंही पांगली. डेअरीवाला म्हणाला, "ठीक हाय. सकाळपासून घेतो तिचं."

आता लिंबाखालची म्हातारी उठली. मला वाटलं आभार मानेल. ती काकांच्या पुढं येऊन उभी राहिली. "मेल्या, एवढं रान पडलंय, तुला माझाच बांध घावला? विरजण लावून लावून घरात भांडं उरलं न्हाई माझ्या. पानी प्यायला ताट वापरून राहिले मी!"

"चुकलं, मावशी."

"मावशी नगं म्हनू. त्यो डबा हितं दे." बरणी तिनं आमच्या हातातून घेतली, पुरचुंडी काढून काकांच्या हातावर ठेवली आणि बरणी पदराखाली घेऊन गेली. दह्याला तिला भांडं हवंच होतं.

परतीच्या बसमध्ये काका पुन्हा खिडकीशी बसले. मग म्हणाले, "ताई, डेअरीवाला खोटं बोलला."

"कशावरून?"

"खाली बघून बोलला. तिचं दूध घेईल, माप टाकील, अन् कॅनमधी घालायचं सोडून मागं गटारीत ओतील. म्हंजी गाव बी खूश, म्हातारी बी खूश."

"उगं काहीतरी."

"तुम्हाला न्हाई वाटत?"

मी पिशवीत तिकीट शोधायला लागले. घरी आल्यावर पोरीनं विचारलं, काय झालं? मी सांगितलं, मिटलं. तांदळाचं सांगितलं नाही. ती झोपली तरी मी दोनदा जाऊन तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं मी पुन्हा त्या गावाला गेले. घरी सांगितलं, अस्तराचं कापड बघायला चाललेय. काकांना काहीच सांगितलं नव्हतं. फाट्यावरून चालत डेअरीपाशी पोचले तर समोरच्या पुलाच्या कठड्यावर काका बसलेले, डोक्यावर रुमाल बांधून, जणू कोणाला ओळखू येणार नव्हते. दुधाच्या टेम्पोतून माझ्या आधीच आले होते.

"तुम्ही?" मी म्हटलं.

"तुम्ही?" ते म्हणाले.

म्हातारी रांगेत होती. तिच्या पुढच्या बाईत आणि तिच्यात अंतर राखलेलं होतं, मागंही तेवढंच. तिचा नंबर आला. डेअरीवाल्यानं चरवी घेतली, वजन केलं, दुधात पाणी किती ते दाखवणारं मापक बुडवून बघितलं, चिठ्ठी फाडून दिली. आणि चरवी मोठ्या कॅनकडं न नेता बाजूला, खोलीच्या मागच्या दाराशी, जमिनीवर ठेवली. पुढच्याला हाक मारली.

काका कठड्यावरून उठले. पण त्यांच्या आधी मी ओट्यापाशी पोचले आणि जाऊन चरवीपाशी उभी राहिले. डेअरीवाल्यानं मला ओळखलं. पुढं आलेली किटली त्यानं तशीच हातात धरली.

"काय बाई, अजून इस्वास न्हाई व्हय?"

"न्हाई," मी म्हटलं, आणि त्यानं चरवी उचलून सगळ्यांच्या देखत मोठ्या कॅनमध्ये पालथी करेपर्यंत जागची हलले नाही.